हिरव्या खुणेमागच्या दोन पायऱ्या

गेल्या वर्षी आईच्या पंचाहत्तरीला आम्ही पुण्यातल्या एका उपाहारगृहात जेवायला निघालो. आई व्हीलचेअर वापरते, म्हणून निघण्यापूर्वी मी व्हीलमॅपवर, म्हणजे व्हीलचेअरने कुठे जाता येते ते दाखवणाऱ्या ऑनलाइन नकाशावर, ते ठिकाण शोधले होते आणि तिथे 'जाता येते' अशी हिरवी खूण दिसली होती. प्रत्यक्षात दाराशी दोन उंच पायऱ्या होत्या. मालक भला माणूस होता. "काळजी करू नका, आमची पोरं काकूंना खुर्चीसकट उचलून आत आणतील," असे तो मनापासून म्हणाला. आईने मानेनेच नकार दिला. भर रस्त्यात चार अनोळखी माणसांनी आपल्याला उचलावे हे तिला कधीच रुचलेले नाही. उचलणाऱ्यांपैकी एकाचा हात जरी निसटला, तरी पडणार तीच असते. आम्ही परत आलो आणि घरी पिठलं-भात केला.

व्हीलमॅप हा नकाशा बर्लिनच्या 'सोत्सिआलहेल्डन' या संस्थेने २०१० मध्ये सुरू केला. संस्थेचे एक संस्थापक राउल क्राउटहाउझेन स्वतः व्हीलचेअर वापरतात. नकाशातील हिरव्या, पिवळ्या आणि लाल खुणांचे अर्थ ठरलेले आहेत: प्रवेशाला पायरी नसेल आणि आतही सगळीकडे जाता येत असेल तर हिरवी, जास्तीत जास्त सात सेंटीमीटरची एकच पायरी असेल आणि महत्त्वाच्या खोल्यांत पायरीविना जाता येत असेल तर पिवळी, अन्यथा लाल. ज्या ठिकाणाची माहिती कोणी भरलेलीच नाही, ते राखाडी दिसते. राखाडी खूण दिसली की मी आधी फोन करतो, शक्य असल्यास एकटा जाऊन दार पाहून येतो. हिरवी खूण दिसली की आईला रिक्षात बसवतो. म्हणूनच चुकीची हिरवी खूण माहिती नसण्यापेक्षा अधिक घातक आहे, असे माझे ठाम मत आहे.

त्या रात्री मी नोंदीचा इतिहास उघडला. व्हीलमॅपवरील बरीचशी माहिती ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातून येते आणि तिथे प्रत्येक बदल तारखेसह जपलेला असतो. हिरवी खूण काही वर्षांपूर्वी एका स्वयंसेवकाने केली होती. दुसऱ्या दिवशी मालकाला फोन केल्यावर कळले की मध्यंतरी एका पावसाळ्यात रस्त्याचे पाणी आत शिरले, तेव्हा त्याने जोते उंच करून पायऱ्या बांधल्या. म्हणजे लिहिणाऱ्याने खोटे लिहिले नव्हते. दार बदलले आणि नोंद तशीच राहिली. ओपनस्ट्रीटमॅपसाठी माहिती गोळा करणारे स्ट्रीटकम्प्लीट हे अँड्रॉइडवरील अॅप 'इथे व्हीलचेअरने जाता येते का?' हा प्रश्न काही वर्षांनी स्वयंसेवकाला पुन्हा विचारते, ही सोय मला फार मोलाची वाटते.

दुरुस्ती करताना नुसता रंग बदलून थांबू नये. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पायऱ्यांची संख्या, वर्णन आणि पडताळणीची तारीख यांसाठी स्वतंत्र नोंदी करता येतात, आणि स्वच्छतागृहाचा प्रश्नही वेगळा विचारला जातो. मी टेप घेऊन पुन्हा गेलो. दोन पायऱ्या मिळून तीस सेंटीमीटर भरल्या. मालकाने आतून दुचाकी चढवण्याचा लोखंडी पत्रा काढून दाखवला आणि "हा रॅम्प आहे की," असे म्हणाला. पत्रा जेमतेम सव्वा मीटर होता. व्हीलचेअरसाठी एकास बारा हा उतार धरला, तर तीस सेंटीमीटर चढायला तीन मीटर साठ सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो, हे मी त्याला कागदावर काढून दाखवले. फोनवर "आमच्याकडे रॅम्प आहे" असे उत्तर मिळते, तेव्हा पुष्कळदा असाच पत्रा अभिप्रेत असतो.

इथे दोन तक्रारी वेगळ्या ठेवाव्या लागतात. सरकारच्या सुगम्य भारत अॅपवर २०२१ पासून एखाद्या सार्वजनिक इमारतीतील अडथळ्याचे छायाचित्र पाठवता येते. ती तक्रार जागेविषयी असते आणि तिचे फळ बांधकाम होईपर्यंत दिसत नाही. माहितीविषयीची तक्रार पाच मिनिटांत निकाली निघू शकते, मात्र ती जिथून माहिती आली तिथे पोहोचली पाहिजे. ओपनस्ट्रीटमॅपमधील नोंद कोणालाही बदलता येते, तर दुसऱ्या संस्थेने पुरवलेली नोंद तिच्या मूळ संग्रहातच सुधारावी लागते. चूक कळवण्याच्या कोणत्याही साधनाने हा फरक वापरणाऱ्याला आधीच सांगायला हवा, नाहीतर माणूस कळकळीने लिहितो आणि चूक जागच्या जागी राहते.

मी खूण लाल केली आणि वर्णनात लिहिले: 'दाराशी दोन पायऱ्या, एकूण उंची ३० सेंटीमीटर. सव्वा मीटरचा सुटा पत्रा आहे, तो व्हीलचेअरसाठी फार उभा पडतो. आत जमीन सपाट. स्वच्छतागृह पाहिलेले नाही.' आईने ते मोठ्याने वाचून घेतले आणि एक वाक्य वाढवायला सांगितले: 'बाहेर बसून जेवण्याची सोय मालक करून देतात, आधी फोन करावा.' मालकाला विचारून मी तेही लिहिले.