बारा वर्षं कुठे होता हा माणूस?

आज दुपारी भाच्याला नीरज चोप्राच्या फेकी दाखवत होतो. पुढच्याच व्हिडिओत पॅरा-भालाफेकपटू देवेंद्र झाझरिया, रिओ पॅरालिम्पिक २०१६. आणि मग नीरज राहिलाच बाजूला.

राजस्थानातल्या चुरू जिल्ह्यातला हा पोरगा आठ वर्षांचा असताना झाडावर चढला, विजेची तार लागली, डावा हात गेला. २००४ ला अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये ६२.१५ मीटर, विश्वविक्रमासह सुवर्ण. पुढच्या दोन पॅरालिम्पिकमध्ये त्याच्या अपंगत्वाच्या गटाची भालाफेकच नव्हती! आपण एवढ्यात खेळ सोडून नोकरीधंद्याला लागलो असतो. हा रिओत उतरला आणि ६३.९७. स्वतःचाच विक्रम मोडून पुन्हा सुवर्ण.

ती फेक हळू करून बघा. दोन्ही हात असलेले, उजव्या हाताने फेकणारे भालाफेकपटू शेवटच्या पावलांत डावा हात पुढे ताणतात आणि सोडताना छातीशी ओढून घेतात, अंगाचा तोल त्यावरच असतो. याने तो तोल नुसत्या कमरेतून आणि खांद्यातून सांभाळलाय. भाचा म्हणाला, "मामा, परत लाव." परत लावली.

टोकियोत चाळिसाव्या वर्षी ६४.३५ मीटर फेकून रौप्य. म्हणजे रिओपेक्षाही लांब! २०२२ मध्ये पद्मभूषणही मिळालं. तरी आमच्या फॅमिली ग्रुपवर विचारलं तर नाव एकालाही माहीत नाही. क्रिकेटच्या राखीव खेळाडूंची नावं मात्र तोंडपाठ.