बास कीबोर्डवर घेऊ

चर्चच्या कॉयरमध्ये मी बास गातो, म्हणजे पुरुषांचा सगळ्यांत खालचा सूर. कॉयर बसवणाऱ्या दादांना माझा राग आलेला नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त लागलं. राग असता तर बोललो असतो, भांडलो असतो, विषय संपला असता. "बास आपण कीबोर्डवर घेऊ," एवढंच म्हणाले आणि पुढच्या गीताचं पान काढलं. नाताळ तोंडावर आलाय, माणसं जमत नाहीत. सगळं खरं. पण डाव्या हाताची दोन बोटं आपल्या जागी चालतात, हे ऐकून आल्यावर माणसाच्या घशाखाली घास उतरावा कसा?

वर्षभर रेव्हरंड टिळकांची पदं पेटी-तबल्यावर होतात. सगळी मंडळी एका सुरात गाते, त्यात बासला वेगळं काम नसतं. आमची पाळी येते ती नाताळात, चार भागांच्या गीतांत. तेवढंच होतं.

काल सगळे झोपल्यावर हेडफोन लावून जुनी गॉस्पेल क्वार्टेट्स ऐकत बसलो. अमेरिकेच्या दक्षिणेतली, चार पुरुष आणि एक पियानो. हे वेड घरात बाबांनी आणलं. बाबांचं आज नको.

त्यातला बास गायक जे. डी. सम्नर लावला. त्याची गोष्ट मला पाठ आहे, पण काल तिच्यातली एक जागा टोचली. ३० जून १९५४ ला अलाबामातल्या क्लँटन गावी ब्लॅकवुड ब्रदर्स या चौकडीचं विमान कोसळलं. आर. डब्ल्यू. ब्लॅकवुड गेला आणि बास गाणारा बिल लाइल्स गेला. चौकडीतल्याच जेम्स ब्लॅकवुडने जमिनीवरून ते पाहिलं. त्याच महिन्यात ही चौकडी आर्थर गॉडफ्रेच्या टीव्हीवरच्या स्पर्धेत पहिली आली होती. नंतर लाइल्सच्या जागी सम्नर आला आणि १९६५ पर्यंत राहिला. लाइल्सच्या आवाजाची सवय असलेल्या श्रोत्यांपुढे पहिल्यांदा खालचा सूर लावताना त्याला काय वाटलं असेल? आणि लाइल्सच्या घरच्यांना? गाणी तीच, जागा तीच, आणि सूर दुसऱ्याच्या गळ्यातून येतोय. म्हणजे यंत्र नसतानाही हे होतच होतं. चौकडी थांबत नाही, जागा भरली जाते. हे कळूनही मला बरं वाटलं नाही.

त्या अपघातानंतर सम्नरच्या डोक्यातून बस निघाली. १९५५ मध्ये ब्लॅकवुड ब्रदर्सनी एक बस घेऊन ती आतून राहण्या-झोपण्याजोगी करून घेतली. आज तिकडचे बरेच गायक तशाच बसमधून दौरे करतात. बास गायकाची कारकीर्द म्हणून आपण टाळ्या आठवतो, पण तिचा मोठा भाग रस्त्यावरच गेला असणार. मरणही तिथेच. स्टेट्समेन चौकडीचा बास 'बिग चीफ' वेदरिंग्टन १९७३ मध्ये नॅशव्हिलला, क्वार्टेट कन्व्हेन्शन म्हणजे अशा चौकड्यांचा मेळावा चालू असताना गेला. सम्नर नोव्हेंबर १९९८ मध्ये मर्टल बीचला, दौऱ्यावर असताना, चौऱ्याहत्तरावा वाढदिवस तीन दिवसांवर आलेला. तिसरा बास रेक्स नेलन जानेवारी २००० मध्ये लंडनला, चित्रीकरणासाठी गेलेला. काल हे एकापाठोपाठ आठवलं आणि मला चक्क हेवा वाटला. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांना कुणीतरी गायला बोलावत होतं.

मग एल्विस प्रेस्ली. मेम्फिसला एलिस ऑडिटोरियममध्ये क्वार्टेट ऐकायला येणाऱ्या त्या पोराजवळ तिकिटाचे पैसे नव्हते, तेव्हा सम्नर त्याला मागच्या दाराने आत घ्यायचा. पुढे १९७१ पासून शेवटपर्यंत सम्नर आणि त्याची स्टॅम्प्स क्वार्टेट एल्विसच्या मागे उभे राहून गायले आणि १९७७ मध्ये त्याच्या अंत्यविधीलाही गायले. एल्विसला त्या खालच्या सुराचं वेडच होतं. गाण्याच्या शेवटी सम्नर घसरत घसरत खाली जायचा, पियानोच्या डाव्या टोकाकडे, जिथे आपल्याला वाटतं की आता माणसाचं काम संपलं. त्या सुरासाठी गिनीज बुकात त्याचं नाव होतं.

मलाही पहाटे उठल्याउठल्या बराच खोल सूर लागतो. झोपेत स्वरतंतू जरा सुजून जड होतात, म्हणून. चहा होईपर्यंत तो गेलेला असतो. सम्नरचा जात नव्हता.

पण तो शेवट पुन्हा पुन्हा ऐकताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मी हेडफोन काढून नुसताच बसलो. इतका खालचा सूर मुळात क्षीण असतो. आपल्या कानाला तो कमीच ऐकू येतो. ओठ माइकला टेकवून गायल्याशिवाय तो सभागृहात पोचणारच नाही. म्हणजे सम्नरचा तो सूर निम्मा विजेचा होता! माइक नसता तर तिसऱ्या रांगेलाही तो कळला नसता. मग कीबोर्डवर माझा एवढा दात का? विजेनेच बासला मोठं केलं, आता तीच त्याची जागा घेतेय. यात अन्याय शोधत बसण्यात अर्थ नाही, असं स्वतःला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा थोडं पटलं.

शेवटी आणखी एक बास, जॉर्ज यौन्स लावला. खरं तर सुरुवातच त्याच्यापासून करायला हवी होती. यौन्स सम्नरएवढा खाली जायचा नाही. त्याचा बास गोल आणि उबदार, दोन गाण्यांच्या मध्ये लोकांशी बोलायचा तोही त्याच आवाजात. १९६४ मध्ये ओहायोतल्या एक्रनला तो आला, तेव्हा कथीड्रल ट्रायोची क्वार्टेट झाली. तेव्हापासून १९९९ पर्यंत तो आणि चौकडीतलाच ग्लेन पेन शेजारी शेजारी उभे. बाकीची माणसं आली, शिकली, गेली. हे दोघे राहिले. १९९९ हे निरोपाचं वर्ष आधीच ठरलेलं होतं, आणि त्याच वर्षी ग्लेनला कर्करोग निघाला. सप्टेंबरात लुईव्हिलच्या कन्व्हेन्शनमध्ये ग्लेन इस्पितळातून फोनवर गायला, सभागृहाने ऐकलं. ऑक्टोबरात तो गेला.

पुढे यौन्सची मूत्रपिंडं निकामी झाली, डायलिसिस सुरू झालं, तरी ओल्ड फ्रेंड्स क्वार्टेटमधून तो गात राहिला. २००५ मध्ये एक्रनलाच वारला.

हे सगळं ऐकताना मला आमचा टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा सूर गाणारा, आठवत होता. शारजाला गेल्यापासून त्याने एकदाही... जाऊ दे. त्याच्या डाव्या खांद्याशी उभं राहून गायची सवय आहे मला. बुधवारी सरावाला तिथे स्पीकरचा स्टँड होता. मला लागलं ते बहुतेक तेच असावं.

आज सकाळपासून मन जरा हलकं आहे. मागच्या बाकावर अण्णा बसतात. इंग्रजी चालींवरची जुनी गीतं त्यांना चारही भागांत पाठ आहेत, आवाज तेवढा आता थरथरतो. कॉयरमध्ये त्यांना कुणी उभं करत नाही, पण दर रविवारी ते बाकावरूनच टेनर धरतात आणि एकटेच गातात. त्यांच्या शेजारी जागा असते. या रविवारी तिथे बसेन आणि त्यांच्या टेनरखाली बास धरेन. गीत कुठलंही असो.