शर्लीचे नाचाचे मास्तर

स्मरणिकेत आपापल्या सर-बाईंवर सगळेच लिहितील. हे मनोगत आपल्यापैकी कुणालाच न शिकवलेल्या एका मास्तरांबद्दल आणि त्यांच्या सहा वर्षांच्या विद्यार्थिनीबद्दल आहे. गॅदरिंगचे नाच बसवणाऱ्यांनी तरी वाचावं.

१९३५ च्या 'द लिटल कर्नल' या चित्रपटात हॉलीवूडची बालतारका शर्ली टेम्पल आणि तिचे हे मास्तर, कृष्णवर्णीय नर्तक बिल रॉबिन्सन, हात धरून जिन्यावर नाचतात. जिन्याचा नाच ही रॉबिन्सन यांची रंगमंचावरची हुकमी चीज. अंग ताठ, सगळा खेळ चवड्यांवर, आणि पायरीगणिक बोल वेगळा. तबला ऐकत वाढलेल्या कानाला त्यातली गंमत चटकन कळते. पण हे सगळं पोरीकडून घोटून घ्यायला वेळ नव्हता. शिवाय टॅपमध्ये, म्हणजे बुटांनी ठेका वाजवायच्या या नाचात, लहान पाऊल सपाट पडलं की 'टक्'ऐवजी 'धप्' येतो, आणि पोर पायांकडे बघायला लागलं की ठेका मागे पडलाच म्हणून समजा.

रॉबिन्सननी युक्ती काढली. पायरीच्या उभ्या फळीवर बुटाचं टोक मारायचं, बस्स. आवाज खणखणीत येतो आणि पावलांची निम्मी गुंतागुंत वाचते. मग शर्लीचा सराव बघून त्यांनी स्वतःचाच नाच बदलला, तिच्या हालचालींना जुळेल असा. पट्टीचा नाचणारा स्वतःची हातखंडा चीज एका पोरीच्या मापाने कापतो, हे मला तिच्या नाचापेक्षा मोठं वाटतं. ती त्यांना अंकल बिली म्हणायची.

तेव्हा ते ५६ वर्षांचे होते. शर्लीच्या डोक्यावरच्या कुरळ्या बटाही ५६! हा योगायोग, बटा मात्र योगायोगाच्या नव्हत्या. आई गर्ट्रूड रोज रात्री एकेक बट वळवून पिना लावायची, मोजून छप्पन. आठवड्याला व्हिनेगरने केस धुवायचे, ते डोळ्यांत चुरचुरायचं. एवढं करून लोक टोप आहे का म्हणून बट ओढून बघत.

शाळा? स्टुडिओतच, शॉटच्या मधल्या वेळात, खास नेमलेल्या शिक्षिकेकडे. स्टुडिओने तिचं वयही एका वर्षाने चोरलं होतं. चारचौघींसारखी ती वर्गात बसली ती १९४० साली, लॉस एंजेलिसच्या वेस्टलेक शाळेत. पुढे घानात आणि चेकोस्लोव्हाकियात ती अमेरिकेची राजदूत होती. त्यावर पुष्कळ छापून आलंय.

जिन्याकडे परत येतो. गोरी मुलगी आणि कृष्णवर्णीय पुरुष अशी जोडी हॉलीवूडच्या पडद्यावर पहिल्यांदा नाचली ती तिथे. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या थिएटरांत हात धरलेला भाग कापून टाकत. आज तो पूर्ण बघायला मिळतो. बघाल तेव्हा बटांकडे बघू नका. तिच्या बुटाच्या टोकावर नजर ठेवा, फळीवर ते नेमकं कधी लागतं ते दिसेल.