ब्रूनची नाणी आणि फारूकची नाणी

लार्स एमिल ब्रून हा डॅनिश लोण्याचा व्यापारी १९२३ साली वारला, तेव्हा त्याच्या मागे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडनची सुमारे २०,००० नाणी, पदके आणि नोटा असा संग्रह राहिला. हा संग्रह शंभर वर्षे विकायचा नाही, अशी अट त्याने मृत्युपत्रात घातली होती. पहिल्या महायुद्धाने युरोपातल्या शहरांची केलेली धूळधाण त्याने पाहिली होती. उद्या डेन्मार्कच्या राष्ट्रीय नाणेसंग्रहावर तशीच पाळी आली, तर त्याची जागा घ्यायला आपला संग्रह हाताशी असावा, आणि शंभर वर्षांत तसे काही घडलेच नाही, तर तो विकून पैसे वारसांना मिळावेत, असा त्याचा हिशेब होता. राष्ट्रीय संग्रह दुसऱ्या महायुद्धातूनही सुखरूप वाचला, मुदत संपली, आणि १४ सप्टेंबर २०२४ रोजी कोपनहेगनमध्ये स्टॅक्स बोवर्स या लिलावसंस्थेने पहिल्या २८६ लॉट्ससाठी, म्हणजे एकेका बोलीत विकायच्या नाण्यांसाठी किंवा गठ्ठ्यांसाठी, बोली पुकारली. डेन्मार्कचा राजा हान्स याच्या काळातले १४९६ सालचे ‘नोबल’ हे सोन्याचे नाणे १२ लाख युरोंना गेले आणि दिवसाची एकूण विक्री १ कोटी ४८ लाख युरोंवर पोहोचली. सगळ्या संग्रहाचा विमा ५० कोटी डॅनिश क्रोनरचा होता, त्यामुळे ही फक्त सुरुवात होती.

या बातमीत बहुतेकांना किंमत दिसली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, एखादा मोठा संग्रह मोडायची वेळ आलीच, तर तो कसा मोडावा याचा हा जवळपास आदर्श नमुना आहे. लिलावाआधी डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाला निवडीचा पहिला हक्क मिळाला आणि त्याने पंधराव्या ते सतराव्या शतकातली सात नाणी घेतली. उरलेला संग्रह एकदम बाजारात न ओतता वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने विकायचे ठरले, कारण एकाच प्रकारची दुर्मीळ नाणी एका आठवड्यात शंभरांनी आली, तर ती घेऊ शकणारे मोजके संग्राहक आपले पैसे पहिल्या दोन दिवसांतच संपवतात आणि नंतरची नाणी मातीमोल जातात. याशिवाय ब्रूनच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत त्याच्या संग्रहाची सूची छापून झाली होती. नाणी तिजोरीत बंद असली, तरी कोणत्या क्रमांकाचे नाणे कोणते, हे अभ्यासकांना कळत होते. शंभर वर्षांची अट मला स्वतःला थोडी अतिरेकी वाटते, कारण तेवढ्या काळात ती नाणी हातात घेऊन तपासण्याची संधी अभ्यासकांच्या काही पिढ्यांना मिळालीच नाही. पण त्या सूचीने बरेच काही सावरले, हे मान्य करावे लागते.

याच्या अगदी उलट उदाहरण म्हणजे इजिप्तचा राजा फारूक. जुलै १९५२ मध्ये त्याला गादी सोडून देशाबाहेर जावे लागले आणि त्याने जमवलेले सगळे काही नव्या सरकारच्या ताब्यात आले. घड्याळे, दागिने, टपाल तिकिटे आणि सुमारे ८,५०० नाणी व पदके असा तो पसारा होता. सरकारला पैसा हवा होता आणि तोही लवकर. सदबीज या लिलावसंस्थेने फेब्रुवारी आणि मार्च १९५४ मध्ये कैरोच्या कुब्बा राजवाड्यात लिलाव मांडला. नाण्यांची यादी करण्याचे काम लंडनच्या बाल्डविन या नामवंत पेढीकडे होते, पण एवढ्या मालाचे नाणेगणिक वर्णन लिहायला वेळच दिला गेला नाही. स्वतंत्र लॉट म्हणून विकायला हवीत अशी नाणी डझना-दीड डझनाच्या गठ्ठ्यांत बांधली गेली. फारूकने कोणते नाणे कोणाकडून आणि केव्हा घेतले, याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी आलाच नाही. त्यात त्याच्याकडच्या कित्येक नाण्यांना घासूनपुसून चकचकीत केले गेले होते असे सांगतात, आणि नाण्याच्या पृष्ठभागावर काळाने चढवलेला रंग एकदा उतरला की, जुन्या छायाचित्राशी ते ताडून पाहणेही अवघड होते.

अशा गबाळ्या लिलावात ज्याला बघता येते त्याचे फावते. जॉन जे पिटमन हा रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीत नोकरी करणारा केमिकल इंजिनिअर होता. राजवाड्यात जमलेल्या व्यापाऱ्यांच्या मानाने त्याची ऐपत किरकोळ होती. कैरोला जाण्यासाठी त्याने घरावर दुसऱ्यांदा कर्ज काढले. जिथे यादीत एका गठ्ठ्याबद्दल दीड ओळ लिहिलेली असते, तिथे त्या गठ्ठ्यातले एकेक नाणे कडेने धरून, उजेडात तिरपे करून, भिंगातून पाहणाऱ्याला यादी वाचणाऱ्यापेक्षा बरेच अधिक कळते, आणि पिटमनकडे तो डोळा होता. तो १९९६ मध्ये वारला. त्याचा संग्रह १९९७ ते १९९९ या काळात तीन लिलावांत विकला गेला आणि त्यातून ३ कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली. मात्र या वेळी प्रत्येक नाण्याचे स्वतंत्र वर्णन होते, छायाचित्र होते, आणि ते कैरोहून आले असेल तर तशी नोंदही होती. कैरोत राहून गेलेले काम असे चाळीसेक वर्षांनी, निदान त्या नाण्यांपुरते, पूर्ण झाले.

फारूकच्या संग्रहातले सर्वांत गाजलेले नाणे मात्र त्या लिलावात विकलेच गेले नाही. अमेरिकेच्या टांकसाळीने १९३३ साली ‘डबल ईगल’ ही २० डॉलरची ४,४५,५०० सोन्याची नाणी पाडली होती, पण रूझवेल्ट सरकारने सोन्याचे नाणे चलनातून काढून घेतल्यामुळे ती कधी वितरित झाली नाहीत आणि नंतर वितळवण्यात आली. काही टांकसाळीतून चोरीला गेली. त्यातले एक फारूकने १९४४ मध्ये अमेरिकी सरकारकडूनच रीतसर निर्यात परवाना घेऊन नेले, आणि ते चोरीचे असल्याचे तिथल्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले तोवर ते इजिप्तला पोहोचले होते. अमेरिकेच्या विनंतीवरून १९५४ च्या लिलावातून ते मागे घेण्यात आले, त्यानंतर बेपत्ता झाले आणि १९९६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक डबल ईगल जप्त झाले. खटला तडजोडीने मिटला, त्यात ते फारूकचेच मानले गेले आणि निर्यात परवान्याच्या त्या कागदामुळेच खासगी मालकी शक्य झाली. जुलै २००२ च्या लिलावात त्याला ७५,९०,०२० डॉलर मिळाले. यातले शेवटचे २० डॉलर अमेरिकी कोषागाराला नाण्याची दर्शनी किंमत म्हणून द्यायचे होते, कारण कायद्याच्या दृष्टीने ते तोवर चलनच झाले नव्हते. हेच नाणे २०२१ मध्ये जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलरना विकले गेले. एका सरकारी परवान्याचे मोल इतके वाढल्याचे दुसरे उदाहरण मला तरी माहीत नाही.

संग्रह फुटणे हे नाण्यांच्या बाबतीत वाईटच असते, असे मी मानत नाही. ब्रूनने जमवलेली नाणीही आधी कोणाच्या तरी फुटलेल्या संग्रहातून आली होती. लिलाव झाले नसते, तर त्याला संग्रह करताच आला नसता. प्रश्न उरतो तो साखळीतल्या पुढच्या कडीचा. कैरोतली यादी निकृष्ट होती, तरी तिथे कोणी काय घेतले हे पुष्कळ प्रमाणात माहीत आहे, कारण खरेदीदार राजवाड्यात समोरासमोर बसले होते आणि नंतर त्यांनी ते सांगितलेही. आता याद्या देखण्या असतात, छायाचित्रांत नाण्यावरचा बारीकसा ओरखडाही दिसतो, पण बोली दूरध्वनीवरून किंवा इंटरनेटवरून येते आणि लिलावसंस्था खरेदीदाराचे नाव सहसा सांगत नाही. १४९६ चे नोबल १९२३ पासून २०२४ पर्यंत कोणाच्या मालकीचे होते हे कोणीही सांगू शकेल, पण १५ सप्टेंबर २०२४ पासून पुढे ते कुठे आहे, हे नव्या मालकाने मनावर घेतले तरच छापून येईल. ब्रूनच्या संग्रहाच्या पुढच्या लिलावांत नाणी घेणाऱ्यांनी निदान पाकिटात जपलेले जुने तिकीट, म्हणजे नाण्याची माहिती लिहिलेली चिठ्ठी, आणि लॉट क्रमांक तरी नाण्यासोबत ठेवावेत, एवढी अपेक्षा आहे.