हाँगकाँग डिस्नेलँड, आजी-आजोबांसकट आणि खिशाला झेपेल असं

परदेशातलं डिस्नेलँड म्हटलं की आपल्याकडे लोक आधी अमेरिका नाहीतर पॅरिस धरून बसतात, एजंटकडून एकदा कोटेशन मागवतात आणि आकडा बघून विषय बंद करतात. मला याचं फार वाईट वाटतं कारण मुलांची ती वयं परत येत नाहीत. आणि आपल्याला म्हणजे मुंबईहून सगळ्यात जवळचं डिस्नेलँड हाँगकाँगचं आहे, थेट फ्लाइट साडेपाच-सहा तासांची. अबू धाबीला डिस्नेचं पार्क होणार हे २०२५ मध्ये जाहीर झालंय खरं, पण ते उभं राहीपर्यंत माझी मुलं कॉलेजला जातील, त्यामुळे थांबण्यात अर्थ नव्हता.

आम्ही नाशिकहून सहा जण गेलो, मी, नवरा, लेक, धाकटा आणि सासू-सासरे. नवऱ्याला मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की काटकसर करायची ती पार्कच्या गेटपर्यंत, गेटच्या आत नाही. एवढ्या लांब मुलांना नेऊन दिवसभर हे नको ते महाग आहे असं ऐकवायचं असेल तर न गेलेलं बरं. मग ते पैसे आणायचे कुठून, तर तारखा, राहणं, येणं-जाणं, बाकीचं फिरणं या सगळ्यातून, आणि तिथे खरंच खूप वाचतात.

सुरुवात व्हिसापासूनच होते. भारतीय पासपोर्टवाल्यांना हाँगकाँगला १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, फक्त जायच्या आधी प्री-अरायव्हल रजिस्ट्रेशन ऑनलाइन करायचं, त्याला फी नाही, उत्तर लगेच स्क्रीनवर येतं, ते साध्या ए४ कागदावर प्रिंट करून बरोबर ठेवायचं, ६ महिने चालतं. प्रत्येकाचं वेगळं करायचं, मुलांचंसुद्धा. काही एजंट हाच फॉर्म भरून द्यायचे माणशी पैसे घेतात, कृपा करून देऊ नका, पासपोर्ट समोर ठेवून घरी बसून होतं. सहा जणांची व्हिसा फी शून्य, म्हणजे बाकी बऱ्याच देशांच्या तुलनेत तुम्ही घरातूनच काही हजार वाचवून निघताय.

आता तारखा. तिथलं तिकीट रोज एकाच भावाचं नसतं, वेबसाइटवर कॅलेंडर असतं आणि गर्दीच्या दिवसांना दर चढा असतो. शनिवार-रविवार महाग, आणि चीनमधल्या सुट्ट्या चालू असतील तेव्हा तर गर्दीही प्रचंड. १ ऑक्टोबरपासूनचा आठवडा, चिनी नववर्ष, आणि १ मेच्या आसपासचे दिवस, हे तीन डोळे झाकून टाळा. गंमत म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बहुतेक वेळा त्या ऑक्टोबरच्या आठवड्यानंतर येते, शाळा बुडत नाही, हवा छान कोरडी झालेली असते, आणि तिथे साधे कामाचे दिवस चालू असतात. मे महिन्यात आपण सगळे मोकळे असतो पण तिकडे तेव्हा घामाच्या धारा आणि पाऊस, पुढे तर वादळांचा सीझन, ८ नंबरचा सिग्नल लागला की शहर बंद. पैसे भरून हॉटेलच्या खोलीत बसायची वेळ यायला नको. म्हणून दिवाळी, आणि पार्कसाठी मंगळवार-बुधवारसारखा मधला वार.

तिकिटात अजून एक गोष्ट आहे जी आपल्या घरांसाठी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ३ वर्षांखालच्या बाळाला तिकीट नाही, ३ ते ११ ला मुलांचं, १२ पूर्ण झाले की मोठ्यांचं, असं थोड्याफार फरकाने सगळीकडे असतं. पण ज्येष्ठांचं एका दिवसाचं तिकीट १०० हाँगकाँग डॉलर! डॉलर साधारण ११ रुपये धरला तर अकराशे रुपये. आमचे बाबा म्हणजे सासरे सत्तरी ओलांडलेले, आईंनी म्हणजे सासूबाईंनीही पासष्टी पार केलेली. बाबांचं आधीपासून पालुपद चालू होतं, "आम्ही काय करणार गं तिथे येऊन, पाळण्यात बसायचं वय आहे का आमचं, उगाच आमच्यावर खर्च." मी त्यांना तिकिटाचा दर मोबाइलवर दाखवला तर ते चष्मा वर करून दोनदा वाचत होते. मग म्हणाले, "एवढ्यात नाशिक-मुंबई टॅक्सी पण होत नाही." झालं, निघालो.

आणि त्यांना तिथे करण्यासारखं भरपूर आहे. पार्कभोवती फिरणारी आगगाडी आहे, बाबा तिच्यात बसले की उतरायचं नावच घेईनात. मिस्टिक मॅनर नावाचा एक वाडा आहे, २०१३ मध्ये सुरू झालेला, जगातल्या दुसऱ्या कुठल्याच डिस्नेलँडमध्ये नाही. रूळ नसलेल्या गाडीत बसून एकेका दालनातून जायचं, धक्के नाहीत काही नाही, एक वात्रट माकड जादूची पेटी उघडतं आणि सगळा वाडा जिवंत होतो. आईंना ते इतकं आवडलं की त्या बाहेर येऊन परत रांगेकडे चालायला लागल्या!

राहायचं कुठे यावर आम्ही बराच विचार केला. डिस्नेची स्वतःची तीन हॉटेलं तिथेच आहेत, सुंदर आहेत, पण एका रात्रीच्या भाड्यात दुसरीकडे दोन-तीन रात्री निघतात आणि मेट्रो थेट पार्कच्या दारात जाते मग तिथे राहायची गरज काय. बहुतेक भारतीय चिम शा चुईला राहतात, बाजार जवळ, भारतीय जेवण जवळ, पण खोल्या इतक्या लहान की बॅग उघडली तर चालायला जागा नाही, आणि तरी भाडं जास्त. आम्ही चुन वान भागात खोल्या घेतल्या. तिथून मेट्रोने लाय किंगला गाडी बदलायची, मग सनी बे, आणि तिथून डिस्नेची छोटी लाइन. नकाशात बघा, चिम शा चुईपेक्षा हे जवळ पडतं, भाडं कमी, आणि खाली रोजच्या भाजी-फळांची दुकानं.

विमानतळावरून पण तसंच. एअरपोर्ट एक्स्प्रेस झकास आहे पण हाँगकाँग स्टेशनपर्यंत माणशी शंभराच्या वर डॉलर जातात. ए३१ नंबरची डबलडेकर बस चुन वानला सोडते, कितीतरी स्वस्तात. रात्रीची फ्लाइट घेतली होती, सकाळी पोचलो, म्हणजे एका रात्रीचं हॉटेल वाचलं. सामान खाली रॅकवर ठेवून सगळे वरच्या मजल्यावर, मुलं एकदम पुढच्या काचेला. वाटेत चिंग मा पूल लागतो, १९९७ मध्ये झालेला, मधला गाळाच १,३७७ मीटरचा, वरून गाड्या आणि पोटातून रेल्वे. धाकटा खाली ट्रेन दिसतेय का म्हणून काचेला नाक लावून बसला होता, खाली समुद्रात जहाजं, वर हे एवढे जाड दोर. पोरांना राइड म्हणजे हीसुद्धा राइडच.

पोचल्यावर सगळ्यांची ऑक्टोपस कार्डं, म्हणजे मेट्रो-बसला चालणारी रिचार्जची कार्डं घ्या, मोठ्यांचं १५० डॉलरला मिळतं, त्यात ५० डिपॉझिट आणि १०० वापरायला. मुलांचं आणि ६५ वरच्या ज्येष्ठांचं वेगळं असतं, त्यांना मेट्रोत सवलत आहे, त्यामुळे सगळ्यांची एकसारखी कार्डं घेऊन टाकू नका.

पार्कच्या दिवशी मात्र सगळ्यांना पहाटे उठवलं. सनी बेपासूनच्या त्या गाडीच्या खिडक्या मिकीच्या आकाराच्या आहेत, हाताला धरायच्या कड्या पण तशाच, तिथेच मुलांचा दिवस सुरू होतो. गेट उघडायच्या आधी पोचा, पहिले दोन तास सोन्याचे असतात, तेव्हा मोठ्या राइड उरकल्या की जास्तीचे पैसे देऊन रांग चुकवायचा पास लागत नाही. आम्ही तो घेतला नाही आणि काही अडलं नाही. अॅपवर कुठे किती रांग आहे ते फुकट दिसतं, ते बघून हलायचं. हे पार्क डिस्नेच्या बाकी पार्कांच्या मानाने छोटं आहे, आधीपासून आखणी केली तर एक दिवस पुरतो, दोन दिवसांच्या तिकिटाच्या मागे लागू नका.

मुलांची उंची घरूनच मोजून जा. बिग ग्रिझली माउंटनच्या खाणगाडीला ११२ सेंटीमीटर लागते, धाकट्याची दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केली होती तेव्हाच कळलं की त्याला ती नाही मिळणार, मग त्याला घरीच समजावून सांगितलं, तिथे रांगेच्या टोकाला रडारड झाली नाही. त्याची ती भरपाई अरेंडेलमध्ये झाली. फ्रोझनचं हे आख्खं गाव नोव्हेंबर २०२३ मध्ये उघडलं, जगात पहिलं इथेच, लाकडी घरं, मागे बर्फाचा डोंगर. लेक तर आत शिरल्यावर काही बोलेचना, नुसती बघत उभी.

त्याच आठवड्यात धाकट्याचा वाढदिवस होता. पार्कमधल्या मेन स्ट्रीटवर सिटी हॉल आहे तिथे सांगितलं की वाढदिवसाचा बॅज देतात, एक पैसा न घेता. तो शर्टाला लावला आणि मग दिवसभर झाडू मारणाऱ्या काकांपासून आइस्क्रीम देणाऱ्या ताईंपर्यंत जो तो त्याला हॅपी बर्थडे म्हणत होता. त्याला वाटलं सगळ्या पार्कला माहितीये! एवढा आनंद मी कुठल्याही पैशाने विकत आणू शकले नसते.

खरेदीचं आम्ही आधीच ठरवलं होतं, दोघांना ठरावीक डॉलर हातात रोख द्यायचे, त्यात काय घ्यायचं ते त्यांनी बघावं, आम्ही एक शब्द बोलणार नाही. लेक दुकानात एक मोठी मऊ बाहुली छातीशी धरून उभी, दुसऱ्या हातात नोटा, ओठ हलतायत, अकराने गुणाकार चाललाय. बराच वेळ झाला. मग तिने ती बाहुली जपून परत शेल्फवर ठेवली, तिचा चेहरा सरळ केला, आणि छोटं किचेन घेतलं. उरलेल्यात मिकीच्या तोंडाचं आइस्क्रीम घेऊन आजीपुढे धरलं, "आजी, पहिला घास तुझा." आईंचे डोळे भरून आले, माझेही.

आणि जे पदार्थ किंवा वस्तू बाहेरून आणता येतात त्या आणाच. रेनकोट, टोप्या, धाकट्याची स्ट्रोलर आम्ही घरून नेली, पाण्याच्या बाटल्या आत भरून घेतल्या. दुपारचं गरम जेवण मात्र आत बसून नीट केलं, तिथे पैसे मोजत बसलो नाही. रात्री राजवाड्यावर मोमेंटस नावाचा शो असतो, दिवे, कारंजी, फटाके सगळं, तो संपेपर्यंत थांबा. शो संपल्यावर लगेच स्टेशनकडे पळू नका, जरा बसा, गर्दी ओसरली की निवांत निघता येतं.

बाकीचं शहर तर जवळजवळ फुकटात बघून होतं. सकाळचा नाश्ता खोलीवर, दिवाळीचा फराळ होताच, किटलीत पाणी उकळून इन्स्टंट उपमा. व्हिक्टोरिया पीक या डोंगरावर ट्रामने न जाता सेंट्रलहून १५ नंबरची बस घेतली, वळणावळणाचा रस्ता, वर लायन्स पॅव्हिलियनमधून तोच नजारा विनातिकीट. मोठ्या बुद्धाला केबल कार आहे पण तुंग चुंगहून २३ नंबरची बसही जाते. २६८ पायऱ्या, वर ३४ मीटरची मूर्ती, १९९३ ची. पायऱ्या चढायला पैसे नाहीत, शेजारच्या पो लिन मठात शाकाहारी जेवण मिळतं, आईंना तिथे निर्धास्त जेवता आलं. रात्री ८ वाजता बंदरावरच्या इमारतींचा लाइट शो किनाऱ्यावर उभं राहून बघायचा, आणि खाडी ओलांडायला स्टार फेरी, अगदी थोड्या डॉलरमध्ये. बोटीवर बाबांना सांगितलं की ही फेरी १८८८ मध्ये दोराबजी नवरोजी नावाच्या एका पारशी गृहस्थांनी सुरू केली, तर ते एकदम सावरून बसले आणि शेजारच्या परदेशी माणसाला मोडक्या इंग्रजीत अभिमानाने तेच सांगायला लागले.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. एजंटचं परदेशी पॅकेज घेतलं तर त्यावर टीसीएस म्हणजे आगाऊ आयकर कापतात, तो रिटर्न भरताना परत मिळतो पण तोवर तुमचे पैसे अडकतात, ते बजेटमध्ये धरा. आम्ही फ्लाइट, हॉटेल, तिकिटं सगळं स्वतः बुक केलं.

निघताना विमानतळावर ऑक्टोपस कार्डं परत करा, डिपॉझिट आणि उरलेले पैसे रोख मिळतात, तीन महिन्यांच्या आत परत केलं तर कार्डामागे ११ डॉलर कापतात. सहा कार्डांचे मिळून जे आले त्यात गेटजवळ सगळ्यांचा चहा-कॉफी झाली आणि मुलांना एक-एक केकचा तुकडा.