बांधावरची राख

१४ ऑक्टोबर, रात्री

निफाडहून परतून दोन दिवस झाले, तरी ओढणीचा धुराचा वास गेलेला नाही. द्राक्षवेलींच्या गोडी छाटणीच्या, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरात होणाऱ्या छाटणीच्या, काड्या दादाने बांधावर रचून पेटवल्या आणि मी नको नको म्हणत असताना तो एवढेच म्हणाला, ‘राख वावरातच राहिली ना? मग गेलं काय?’ मी गप्प झाले. जळताना-कुजताना काय जाते आणि काय उरते, हेच वर्षानुवर्षे वर्गात शिकवणाऱ्या मला उत्तर सुचू नये याची लाज अधिक, की त्या घरात माझे कोणी ऐकत नाही याचे दुःख अधिक, हे अजून ठरत नाही.

राखेत पालाश (पोटॅशियम) राहते, चुना राहतो. नत्र (नायट्रोजन) मात्र बहुतांशी हवेत जाते, आणि हवेत ७८ टक्के नत्र असले तरी जिवाणूंनी, विजेने किंवा खतकारखान्याने ते बांधून दिल्याखेरीज वेलीच्या कामी येत नाही. कर्बही (कार्बन) गेला, तो कुठल्यातरी पानात पुन्हा शिरेल, पण ते पान दादाच्याच बागेतले असेल असे नाही. एवढे तरी मला म्हणता आले असते.

खरी हळहळ उन्हाची होती. पानांनी वर्षभर साठवलेले ऊन अर्ध्या तासात जळाले, असे वाटत राहिले; पण काड्या कुजल्या असत्या तरी तेच ऊन बुरशी आणि जिवाणूंच्या श्वसनातून उष्णता होऊन अखेर आकाशातच गेले असते. आलेल्या उन्हापैकी सुमारे ३० टक्के पृथ्वी थेट परतवते आणि उरलेले जवळजवळ सगळे अदृश्य उष्णतेच्या रूपाने सोडून देते. एकदा खर्चलेले ऊन कोणत्याच वेलीला पुन्हा मिळत नाही. कुजताना वाटेत मातीतल्या असंख्य जिवांचे पोट तरी त्यावर भरले असते. आबांनी काड्या कधी पेटवल्या नाहीत... असो.

आज सकाळी दादाने दिलेली मेथी निवडली आणि देठांसकट ओला कचरा सवयीने घंटागाडीत टाकला. त्याच्या वावरातले पालाश असे दर आठवड्याला पिशवीतून माझ्याकडे येते, परत काहीच जात नाही, आणि तो मात्र जहाजातून आयात झालेल्या पालाशाची गोणी विकत घेतो. त्याने निदान राख तरी ठेवली.

रविवारी जाताना आठवड्याची साले-देठे डब्यात भरून न्यावीत, असे मनात आले आहे. वहिनी त्यावर काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येते.