पाच वॅटची अँटेना : आमची वाटचाल

माझ्या वडिलांचे सोलापुरात मोटार रिवाइंडिंगचे दुकान होते. यंत्रमागांच्या मोटारी जळाल्या की त्या आमच्याकडे येत, आणि स्लॉटमधली काळी पडलेली तार उपसणे, जुने वेढे मोजून वहीत लिहिणे, नवी तार भरणे, वार्निश देऊन वाळवणे ही सगळी कामे मी शाळेत असल्यापासून केली आहेत. वेढे मोजायची सवय हाताला लागली ती तिथेच. पुढे हौशी रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर लोकांशी बोलण्याचा, परवाना घेतला, स्वतःसाठी पहिली अँटेना केली आणि चार लोकांशी ओळख झाली, तेव्हा असे दिसले की या छंदातली पुष्कळ माणसे सेटसाठी (बोलण्या-ऐकण्याच्या रेडिओ यंत्रासाठी) हात सैल सोडतात आणि त्याला जोडायच्या तारेचा विचार सर्वांत शेवटी करतात. आमचा व्यवसाय त्या निरीक्षणातून सुरू झाला.

ज्याच्याकडे 100 वॅटचा सेट आहे त्याची निम्मी शक्ती तारेत आणि केबलमध्ये वाया गेली तरी त्याचे भागते. 5 वॅटवर बोलणाऱ्याचे भागत नाही. 100 वॅट आणि 5 वॅट यांत 13 डेसिबेलचे (डेसिबेल म्हणजे शक्तीतला फरक मोजायचे एकक) अंतर आहे, म्हणजे समोरच्याच्या एस-मीटरवर, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर, दोन अंकांहून थोडे जास्त. मोकळी जागा, पुरेशी उंची आणि नीट बनवलेली तार असेल तर एवढ्या अंतरावरूनही संभाषण होते. पण त्यात आणखी तीन डेसिबेल, म्हणजे निम्मी शक्ती, सेट आणि तार यांच्यामधल्या डबीतच जळाले, तर आपला आवाज गोंगाटात बुडतो आणि आपण नुसते हाका मारत बसतो.

हैदराबादच्या अशहर फरहान यांचा बिटएक्स-40 हा बोर्ड 2016 साली आला आणि 40 मीटर बँडवर (7 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्यावर) साधारण 7 वॅट देणारा सेट अनेकांच्या आवाक्यात आला. असा सेट बॅटरीसह पिशवीत मावतो, शेतात नेता येतो, गडावर नेता येतो, आणि त्यासाठी तशीच पिशवीत मावणारी अँटेना लागते. ती बाजारात मिळत नव्हती. मिळे ती बाहेरून मागवावी लागे आणि तिची किंमत बोर्डाच्या जवळ जाई.

आमचे अण्णा याच सुमारास माझ्याबरोबर आले. ते एका मिलमध्ये जॉबर (मुकादम) होते, मिल बंद पडल्यावर यंत्रमागाचे सुटे भाग दुरुस्त करत आणि लेथवर त्यांचा हात फार सफाईने चाले. मी सुरुवातीला तार पुठ्ठ्यावर गुंडाळत असे आणि मैदानावर ती सोडवताना दर वेळी गाठी पडत. अण्णांनी भंगारातून लाकडी बॉबिन आणल्या, सूत गुंडाळायच्या, दोन्ही टोकांना चकत्या असलेल्या. त्यांनी त्या लेथवर कापून वीतभर केल्या, एका चकतीला तारेचे टोक अडकवायला करवतीने खाच दिली आणि मधल्या भोकातून लोखंडी पिन घालून तिला मूठ बसवली, जेणेकरून तार ओढताना बॉबिन स्वतः फिरेल. तार बॉबिनच्या टोकावरून ओढली तर दर वेढ्याला एक पीळ पडतो. बॉबिन फिरू दिली तर पडत नाही. सूत उलगडण्यात आयुष्य गेलेल्या माणसालाच हे सुचू शकते. वर्षानुवर्षे तेल प्यायलेल्या त्या लाकडाला पावसाचा त्रास नसतो, आणि डबी उघडली की आजही त्या तेलाचा वास येतो. टोकांच्या इन्सुलेटरसाठी त्यांनी मागाचे टाकाऊ प्लॅस्टिकचे पिकर कापून वापरले. धोट्याचे तडाखे सोसायला बनलेली ती वस्तू तारेच्या ताणाने काय तुटणार? गेल्या इतक्या वर्षांत एकही तुटून परत आलेला नाही.

आमची मुख्य अँटेना म्हणजे एका टोकाला जोडायची अर्धलहर, म्हणजे लहरीच्या निम्म्या लांबीची, तार. 40 मीटर बँडसाठी सुमारे 20 मीटर लांबीची ही तार 20, 15 आणि 10 मीटर बँडवरही चालते. तिच्या टोकाचा इम्पीडन्स (रेडिओच्या प्रवाहाला होणारा विरोध) अडीच-तीन हजार ओहमच्या घरात असतो आणि सेटला हवा असतो 50, म्हणून मध्ये 49 ला 1 या प्रमाणाचा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि या अँटेनेचा सारा जीव त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये असतो. पुष्कळ जण 2 वेढ्यांना 14 वेढे घालतात. आम्ही एफटी-114-43 या फेराइटच्या (चुंबकीय सिरॅमिकच्या) रिंगवर 3 ला 21 घालतो. प्रमाण तेच, सातपट (सातचा वर्ग 49), पण प्राथमिक बाजूचा एक वेढा वाढल्याने रिंगवरचा भार कमी होतो आणि ती कमी तापते. प्राथमिक बाजूला 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर, केबल जोडायला बीएनसी कनेक्टर आणि डबी बंद करायला एम-सील. ग्लू गनचा गोंद वापरू नये. सोलापूरच्या मे महिन्यात तो डबीतच ओघळतो.

तीन-चार वर्षे ठीक गेली. त्यानंतर जे झाले ते मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण आजवर ते एकाच बाजूने सांगितले गेले आहे.

एका मोठ्या मागणीसाठी आम्ही नेहमीच्या पुरवठादाराऐवजी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून रिंगा घेतल्या. व्यास तोच, काळसर करडा रंग तोच, किंमत थोडी कमी. मी 80 ट्रान्सफॉर्मर गुंडाळले, प्रत्येकाचा एसडब्ल्यूआर (किती शक्ती सेटकडे परत येते त्याचे माप; 1 ला 1 म्हणजे काहीच नाही) नॅनोव्हीएनए या छोट्या मापकावर पाहिला आणि माल पाठवला. आलेख सुंदर येत होते, 7.000 ते 7.200 मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सपाट. इतका सपाट आलेख हीच धोक्याची खूण होती आणि ती मला वाचता आली नाही. डमी लोडचाही, म्हणजे सारी शक्ती नुसती उष्णतेत घालवणाऱ्या रोधाचाही, एसडब्ल्यूआर 1 ला 1 येतो, पण म्हणून कोणी त्याला अँटेना म्हणत नाही. जी शक्ती डबीत जळते ती परत येत नाही, आणि परत न आलेली शक्ती हवेत गेली असे मीटर समजते.

त्या काळात दुसऱ्या शहरातले एक गृहस्थ आमचा माल घेऊन विकत असत. हा व्यवसाय त्यांनी आमच्या टेबलावर बसून शिकला होता. दोन दिवस आमच्या घरी राहिले, जेवले, वेढे कसे आवळायचे आणि तारेवरचे एनॅमल कसे खरवडायचे ते मी त्यांना हाताला धरून दाखवले, आणि अण्णांनी बॉबिनची पिन कशी बसवायची तेही दाखवले. तक्रारी सुरू झाल्या तेव्हा त्यांनी आम्हाला एक फोन करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही. सोलापूरची अँटेना म्हणजे शेगडी आहे असे त्यांनी आमच्या ग्राहकांना एकेकाला कळवले आणि महिन्याभरात स्वतःची डबी बाजारात आणली. तिच्याबरोबर बॉबिन होती, पिन होती, चकतीवरची खाचही त्याच जागी होती. ज्या भंगारवाल्याकडून अण्णा बॉबिन घेत, त्याच्याकडून त्यांनी एका दिवसात तीन पोती उचलली आणि त्यानंतर तो आम्हाला दुप्पट भाव सांगू लागला. आमची चूक झाली, ती मी झाकत नाही. पण चूक दाखवणे वेगळे आणि चुकीवर दुकान थाटणे वेगळे.

आम्हाला सावरले ते मंगळवेढ्याकडच्या एका निवृत्त शिक्षकांनी. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. आमच्या पहिल्या पाच ग्राहकांपैकी ते एक. लहानपणी ज्वारीच्या रानात माळ्यावर बसून पाखरे राखलेली असल्याने गोफण त्यांच्या हातात पक्की बसलेली; वाळूची पुरचुंडी आणि मासेमारीची नायलॉन दोरी लावून ते एका फेकीत लिंबाच्या हव्या त्या फांदीवरून दोरी टाकतात आणि मग तीच दोरी तार वर ओढते. त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "अहो, एसडब्ल्यूआर छान आहे, पण जुन्या डबीवर जी स्टेशने मला उत्तर देतात ती या डबीवर देत नाहीत. दोन्ही डब्या घेऊन मी उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते आले. दोन सारखे ट्रान्सफॉर्मर पाठीला पाठ लावून जोडायचे, एका बाजूने सेट, दुसऱ्या बाजूला वॅटमीटर आणि डमी लोड, ही चाचणी त्यांनी सुचवली. जुन्या दोन डब्यांतून 5 वॅट घातल्यावर पलीकडे 4 वॅट मिळाले, म्हणजे प्रत्येकीत दहा टक्क्यांच्या आसपास नुकसान. नव्या दोन डब्यांतून मिळाले सव्वा. प्रत्येक डबी आपल्या वाट्याची निम्मी शक्ती खात होती. अण्णांनी रिंगेवर बोट ठेवले आणि काही न बोलता माझे बोट धरून तिथे लावले. ती गरम होती.

त्या रिंगा मँगेनीज-झिंक फेराइटच्या होत्या. हे फेराइट पॉवर सप्लायच्या कामाचे असते, काही शे किलोहर्ट्झपर्यंत उत्तम चालते आणि 7 मेगाहर्ट्झवर उष्णता करते. आम्ही नेहमी वापरतो तो 43 हा प्रकार निकेल-झिंकचा आहे. ओळखायला सोपी रीत आहे: मल्टिमीटर ओहमवर ठेवून रिंगेच्या उघड्या पृष्ठभागावर दोन्ही प्रोब दाबावेत, वर लेप असेल तर तो आधी खरवडावा. मँगेनीज-झिंक असेल तर मीटर काहीतरी रीडिंग दाखवतो, निकेल-झिंक असेल तर दाखवत नाही. ही दहा सेकंदांची चाचणी मी त्या वेळी केली असती तर पुढचे काहीच घडले नसते. जो कोणी स्वतः वाइंडिंग करतो त्याने रिंग कुठूनही आणलेली असो, ही चाचणी करावी.

80 च्या 80 डब्या आम्ही परत मागवल्या, जाण्यायेण्याचा टपालखर्च आम्ही दिला आणि ज्याला पैसे हवे होते त्याला पैसे परत केले. व्यापाऱ्याने रिंगांचे पैसे दिले नाहीत. पुढचे चौदा महिने मी दिवसा विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी भरल्या आणि रात्री बदली ट्रान्सफॉर्मर गुंडाळले. अण्णांनी त्या काळात एक रुपयाही घेतला नाही, आणि मी हिशेब काढला तेव्हा वही बंद करायला लावली. गुरुजींनी नव्या मालाची प्रत्येक खेप आधी आपल्या शेतात ताणून पाहिली, रोज संध्याकाळी तासभर हाका मारल्या, आवाज कसा पोचला याचा कोणी कोणता रिपोर्ट दिला ते वहीत लिहिले आणि ती वही विचारणाऱ्याला दाखवायला आम्हाला दिली. मागणी हळूहळू परत आली.

आता काही गोष्टी नव्याने तार टांगणाऱ्यांसाठी, कारण त्या मला रोज फोनवर सांगाव्या लागतात. उघड्या तारेची अर्धलहर लांबी मीटरमध्ये साधारण 143 भागिले मेगाहर्ट्झ येते, म्हणजे 7.1 ला 20.14 मीटर, तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असेल तर ती दोन-चार टक्क्यांनी कमी भरते. तरीही आधी साडेवीस मीटर कापावी, टांगावी, मोजावी आणि मग वीतवीत कमी करत आणावी. बारीक आरजी-174 केबल पिशवीत छान मावते, पण पाच-सात मीटरपेक्षा लांब घेऊ नये. लांब हवी असेल तर आरजी-58 चे ओझे उचलावे. तारेच्या मध्याला फायबरची सात मीटरची घडीची काठी पुरते. आणि विजेच्या तारा जिथून दिसतात तिथे दोरी फेकूच नये, मग फांदी कितीही सोयीची असो.

गेल्या महिन्यात एका तरुणाने टपालाने एक डबी दुरुस्तीला पाठवली. ती आमची नव्हती, त्या गृहस्थांची होती. उघडली, मल्टिमीटर लावला, रीडिंग आले. अण्णा आता रोज येत नाहीत, त्या दिवशी आले होते; त्यांनी डबीबरोबर आलेली बॉबिन हातात घेऊन पिन हलवून पाहिली आणि ती तिरकी बसली आहे म्हणून काढून नीट बसवली. मी 43 ची रिंग घेतली, 3 ला 21 वेढे घातले, आमच्या मापाच्या डबीला पाठीला पाठ जोडून मोजले आणि आमच्या प्रत्येक डबीत जाते तशी चिठ्ठी हाताने लिहून आत ठेवली : आत 5 वॅट, बाहेर 4.1. त्या तरुणाकडून फक्त रिंगेचे आणि टपालाचे पैसे घेतले.